नऊ नंबरची थैली

"काकू, दंड पुढे करा, नाहीतर नकाराच्या या कागदावर सही करा," मुकादम म्हणाला. "दोन्हींपैकी एक."

टाचणीकाकूंनी चादरीची घडी पुरी केली, मगच मान वर केली. "अरे मुकादमा, दीड महिना थांब. मग दोन्ही दंडांवर टोच. हवं तर कपाळावरही."

"मुदत मंगळवारपर्यंतच आहे."

"मग मंगळवारी बोलू." आणि त्यांनी पुढची चादर ओढली.

ही धुलाईशाळा एका मोठ्या इस्पितळाची. चाळीस माणसं, सहा यंत्रं आणि दिवसभर वाफ. साथ आली तेव्हा इथला एकही माणूस घरी बसला नाही. आता लस आली होती आणि तिच्या मागोमाग हुकूमही आला होता: जो टोचून घेणार नाही, त्याने कामावर येऊ नये. एकोणचाळीस जणांनी घेतली. कुणी कुरकुरत घेतली, कुणी डोळे मिटून. बॉयलरवाला तर सुई पाहूनच आडवा झाला. त्याच्या तोंडावर पाणी मारायला, बाकीच्यांचे हात धरायला, "मुंगी चावते त्याहून कमी" असं सांगायला पुढे कोण? टाचणीकाकूच. आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मुकादमाचा जीव तुटत होता. बावीस वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा त्याला साधी उशीची खोळ उलटता येत नव्हती. काकूंनी हात धरून शिकवलं होतं. अंगाने टाचणीएवढ्या आणि जिभेनेही तशाच, म्हणून हे नाव. नवा एप्रन मिळाला की तो त्यांच्या पायांत यायचा. मग त्या कड चार बोटं वर दुमडून हिरव्या दोऱ्याने टाके घालायच्या, कारण पांढरा दोरा त्यांना नीट दिसत नसे. "काकू, उरलेल्या कापडात आमचा रुमाल होईल," पोरी चिडवत. "आधी नाक पुसायला शिका," काकू म्हणत.

अशा बाईच्या हातात काढून टाकल्याचं पत्र द्यायचं! पण पहिल्या लाटेत मुकादमाचा सख्खा भाऊ गेला होता. या बाबतीत त्याच्याकडे माया नव्हती.

त्याच्या मनात त्या दिवसांत एकच माणूस देवासारखा बसला होता, आणि त्याने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. इस्पितळाच्या नऊ नंबरच्या खोलीत एक बाई येते, एवढंच त्याला डॉक्टरांकडून कळलं होतं.

"ही लस माणसाला चालेल की नाही, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांनी पहिला दंड पुढे केला," डॉक्टर म्हणाले होते. "दर पंधरा दिवसांनी येऊन तपासणीसाठी रक्त देतात. वर्षभर ही किंवा दुसरी कुठलीही लस पुन्हा घ्यायची नाही, कुणाला सांगायचंही नाही, असं लिहून दिलंय. नाव विचारू नका."

मुकादमाने नाव विचारलं नाही. कुणीतरी कॉलेजातली धीट पोर असणार, असं त्याने ठरवून टाकलं. त्या खोलीचे कपडे वेगळ्या निळ्या थैलीत यायचे. सुरुवातीला कुणी तिला हात लावेना, तेव्हा काकूच पुढे झाल्या. "ही थैली मी धुणार. दुसऱ्या कुणी उघडायची नाही." ते मात्र मुकादमाला मनापासून आवडलं होतं.

सोमवारी त्याने शेवटचा प्रयत्न केला. "काकू, तुम्ही तिचे कपडे धुता. त्या पोरीकडून काही शिका ना. केवढं काळीज तिचं!"

काकू मळक्या चादरींच्या गाठोड्याची गाठ सोडत होत्या, ती त्यांनी पुन्हा आवळली. "तिला कुणी हुकूम केला होता का रे?"

"नाही."

"पत्राची भीती घातली होती?"

"नाही. पण ती एकटी आपणहून पुढे आली म्हणून साथ थांबत नाही, काकू. आपल्या चादरी सगळ्या वॉर्डांत जातात. माझ्या भावाला कुणाकडून लागण झाली, मला अजून माहीत नाही."

काकूंनी गाठोडं बाजूला ठेवलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तू पत्र दे. मी रागावणार नाही."

याला काय म्हणावं? मुकादमाला रागही आला आणि रडूही.

मंगळवारी सकाळी काकूंनी नेहमीसारखी दोन तासांची रजा टाकली. अधूनमधून टाकत, कारण सांगत नसत. आजच्या दिवशीही? मुकादम चडफडला. पत्र त्याच्या खिशात होतं, खाली त्याची सही झाली होती.

अकराच्या सुमारास इस्पितळाची गाडी आली. निळी थैली एरवी दुसऱ्या दिवशी यायची. आज खोली लवकर रिकामी झाली म्हणून गाडीवाल्याने ती बाकीच्या कपड्यांबरोबरच टाकली. काकूंचा पत्ता नव्हता. उद्यापासून हे काम कुणाला तरी करावंच लागणार होतं. मुकादमाने हात धुतले, मनातल्या मनात त्या धीट पोरीला नमस्कार केला आणि थैलीचा बंद सोडला.

आत एकच गाऊन होता. त्याने तो टेबलावर पसरला, बाह्या सरळ केल्या, डाग बघत बघत खालच्या टोकापर्यंत आला.

कड चार बोटं वर दुमडलेली होती, आणि टाके हिरव्या दोऱ्याचे होते.