पाकिटातली पाचवी बी

आई गेल्यावर तिच्या कपाटात पाच बियांचं पाकीट सापडलं. वर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, "दोघांनी मिळून लावा. वाळवलंत तर याद राखा."

चार बिया मुंग्यांनी नेल्या. पाचवीला कोंब आला आणि बाबांनी कुंडीजवळ खोकणंही बंद केलं. एका दुपारी गारा पडल्या, तेव्हा छत्री कुंडीवर आणि बाबा गारांखाली उभे होते.

"बाबा, वाचेल ना वेल?"

"वाचेल. तू जरा लांबून श्वास घे."

वेल वाचला. फळं धरली. ती जसजशी मोठी झाली, तसतसं आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळू लागलो.


आई असताना आम्ही दोघं ताटाखाली लपवायचो ते कारलं, बाबांनी आज दोनदा मागून घेतलं.