पहिल्या सोमवारची तारीख

तिसऱ्यांदा पुकारा झाला. कोणी पुढे आलं नाही.

चष्मेवाला एकटाच न्यायाधीशांसमोर उभा होता. तेरा तास बसमध्ये अंग आंबवून, राज्याची हद्द ओलांडून तो आला होता. बायकोच्या नावाची खुर्ची याही तारखेला रिकामी होती.

"प्रतिवादी गैरहजर," कारकून म्हणाला. "नोटिसा तिन्ही परत. शेरा, घेण्यास नकार."

"तीन वाजेपर्यंत वाट बघू," न्यायाधीश म्हणाले. "नाही आल्या तर एकतर्फी निकाल. मोकळे व्हाल तुम्ही."

बाहेर जिन्यावर त्याने वकिलाला अडवलं. "मला एकतर्फी नकोय."

"अहो, लोक एकतर्फीसाठी देव पाण्यात घालून बसतात."

"बसू देत. मला ती समोर उभी हवी. पंधरा वर्षांचा संसार. दुपारी दुकानातून जेवायला घरी आलो तर तिचं कपाट रिकामं. ना भांडण, ना चिठ्ठी. का गेलीस, एवढंच विचारायचंय. आज निकाल लागला की ती सुटली. मग कशाला तोंड दाखवेल?"

"घरी जाऊन विचारायचंत."

"तिच्या उंबऱ्यावर मी उभा राहणार? तिने दार लावून घेतलं तर? इथे न्यायाधीशांसमोर तिला बोलावंच लागलं असतं." त्याचा आवाज चढला. "आणि खेटे मीच का घालायचे? गेली ती, आणि फरफट माझी."

"त्याला इलाज नाही. नवरा-बायको दोन राज्यांत असले की ज्याच्यावर दावा, त्याच्या दारचं कोर्ट. तुमच्याकडेही हाच नियम. दावा लावणाऱ्याने दर तारखेला जातीने हजर राहायचं. एक तारीख चुकली की फाईल बंद."

"आणि जिच्यावर दावा, तिने घरी पाय पसरून बसायचं."

"कौटुंबिक दावे सगळीकडे पहिल्या सोमवारीच असतात. महिन्यातून एक दिवस चष्म्याचं दुकान बंद राहिलं तर कोणी आंधळं होत नाही." वकील स्वतःच हसला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमचं अक्षर बघूनच तिने पाकिटं परत केली असणार. पत्ता पक्षकाराकडून लिहून घ्यायची आम्हा सगळ्याच वकिलांची खोड."

यात चष्मेवाल्याला नवल वाटलं नाही. तिची रजिस्टर पाकिटं दुकानावर आली, तेव्हा त्यानेही ती पोस्टमनच्या हातात परत कोंबली होती. "अरे, कुठून आलंय ते तरी बघ," त्याची ताई म्हणाली होती. "अक्षर तिचं आहे, तेवढं पुरे," तो म्हणाला होता. "माफी मागायची तर समोर येऊन मागावी. पत्रातून नाही."

घड्याळात पावणेदोन झाले होते. उंबरा तर उंबरा. हाताला धरून आणीन, पण आणीन.

पत्ता त्याला पाठ होता. लाँड्रीशेजारचं घर, बाहेरून लोखंडी जिना. तो दोन-दोन पायऱ्या घेत वर गेला. दाराला कुलूप होतं. त्याने तरीही दारावर मूठ आपटली.

"अहो, कुलूप दिसत नाही का?" खाली घरमालकीण मटार सोलत बसली होती. "कोण तुम्ही?"

तो जिन्यावरच थांबला. "चष्मेवाला."

"चष्मा द्यायला आलात होय? मग माझ्याकडे ठेवा."

"त्यांच्याच हातात द्यायचाय. कुठे गेल्यात?"

"मग परवा या. पहिल्या सोमवारी ती कधीच सापडायची नाही." तिने शेंगेत अंगठा घातला. "तिच्या नवऱ्यासारखा माणूस वैऱ्यालाही मिळू नये. तेरा तास बसने त्याच्या गावच्या कोर्टात जाते बिचारी. आज एकतर्फी निकाल लागायचाय, तर काल रडत होती, मला निकाल नकोय म्हणून. का सोडून आले ते एकदा त्याच्या तोंडावर सांगायचंय म्हणते, आणि तो भेकड एकाही तारखेला फिरकलेला नाही."