एकतीस नंबरचं चित्र

"एकतीस नंबर," असं म्हणत ताईंनी चित्र दोन्ही हातांनी उचलून धरलं. चित्र त्यांचं स्वतःचंच होतं.

चित्रं निवडायला समोर बसलेल्या दोघांना याचा पत्ता नव्हता. एक म्हणजे साहेब, या ऑफिसचे मालक. शहरातल्या निम्म्या इमारती आधी त्यांच्या टेबलावर कागदात उभ्या राहिलेल्या. दुसरे शेजारच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. वर्षातून एकदा नकाशांची टेबलं भिंतीकडे सरकवायची आणि पुढचा हॉल पंधरा दिवस आजूबाजूच्या लोकांच्या चित्रांना द्यायचा, हा साहेबांचा शिरस्ता. शिंपी असो, नर्स असो, बसचा ड्रायव्हर असो, कुणीही चित्र आणून द्यावं. चित्रावर नाव घालायचं नाही. मागे चिकटवलेल्या पाकिटात फक्त फोन नंबर. ओळखीपाळखीवर कुणाची वर्णी लागायला नको म्हणून हा नियम ताईंनीच घातला होता. बावीस वर्षं त्या इथं नकाशे काढत होत्या आणि चौदा वर्षं हे प्रदर्शन सांभाळत होत्या. खिळे ठोकण्यापासून चहाचे कप मोजण्यापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात.

स्वतःचं चित्र मात्र त्यांनी यंदा पहिल्यांदाच ठेवलं होतं. ताईंचं आहे म्हणून नव्हे, चांगलं आहे म्हणून ते भिंतीवर लागावं, एवढीच त्यांची हाव होती. लागलं की लोक समोर थांबतील, चार शब्द बोलतील. नाहीतर त्यांच्या स्वयंपाकघरात बाहेरचं माणूस येतंय कशाला!

हो, चित्र स्वयंपाकघराचंच होतं. एक खिडकी, एक टेबल, टेबलाशी एक खुर्ची, आणि धुऊन पालथी घातलेली कपबशी. बस, एवढंच.

मास्तर खुर्ची ओढून पुढे सरकले. मघापासून त्यांनी एका मांजराला उशी आणि एका उशीला मांजर ठरवून सगळ्यांना हसवलं होतं. आता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वा! हे हाताला धरून आत नेतं हो."

ताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

साहेबही उठून जवळ आले. "उजेड काय उतरलाय टेबलावर! कोण आहे हा पठ्ठ्या?" असं म्हणता म्हणता त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात लाल पेन्सिल असायची. नकाशा समोर आला की ती आपसूक बाहेर यायची; बावीस वर्षं ताईंचे कागद तिच्याखालून गेले होते. आत्ताही ती बाहेर आली. दोन रेघा, चार रेघा, सहा रेघा. टेबलाच्या पलीकडे एक लालभडक खुर्ची उभी राहिली.

"जागा सोडलीय बरोबर, पण खुर्ची घालायची विसरला," साहेब म्हणाले.

"अहो साहेब, करताय काय! नकाशा आहे का तो?" मास्तर जवळजवळ ओरडलेच.

साहेबांनी पेन्सिलीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "मेलो! हाताची खोड हो, दुसरं काय. आता कसं करायचं, ताई?"

विसरले नव्हते मी, हे ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं बोलल्या असत्या तर साहेब मेल्याहून मेल्यासारखे झाले असते, आणि मग तेच चित्र त्यांनी दारासमोर, सगळ्यांत मोठ्या भिंतीवर लावायला लावलं असतं. नको ती कीव! त्यापेक्षा न लागलेलं बरं.

"यादी आज छापायला जायची आहे," मास्तर म्हणाले. "ज्याचं आहे त्याला सरळ विचारा. त्याची हरकत नसेल तर खुर्चीसकट लावू. न विचारता लावणं मात्र बरोबर नाही."

"आणा ते पाकीट. मीच माफी मागतो," साहेब म्हणाले.

ताईंनी पाकीट फोडून चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. नंबर घरच्या फोनचा होता. तो लावायची वेळ साहेबांवर कधी आली नव्हती. बावीस वर्षांत ताईंनी एक दांडी मारली असेल तर शपथ. ताईंच्या हातातला मोबाइल ऑफिसनंच दिलेला, साहेब त्यावरच बोलायचे. आणि पट्टी न लावता ओढलेली त्यांची रेघ तरी साहेबांनी कुठे पाहिली होती!

साहेबांनी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. रिंग वाजायला लागली.

ताईंना इथं उभ्याउभ्या सगळं दिसत होतं. लावून घेतलेली खिडकी, स्टुलावरचा तो फोन, आणि खोल्याखोल्यांतून घुमणारा त्याचा आवाज. ओले हात पुसत कुणी धावत यायला नको का! रिंग वाजतच राहिली.

"कुणी उचलेना," साहेब म्हणाले. "घरात दुसरं कुणीच नाही की काय? जाऊ दे, ठेवतो. ताई, बत्तीस नंबर घ्या."

"ठेवू नका, साहेब."

हे ताई इतक्या चमत्कारिक आवाजात म्हणाल्या, की दोघांनीही वळून बघितलं.

"वाजू द्या थोडा वेळ," ताई म्हणाल्या. "त्या घरात फोन वाजून फार दिवस झालेत."