विश्वेश्वरचा फोन

फोन पुन्हा वाजला. पडद्यावर पुन्हा तेच नाव, विश्वेश्वर. दत्तात्रेयने कॉल कट केला, फोन पालथा घातला आणि तो गंध उगाळू लागला.

"उचला तरी," मुक्ता म्हणाली. "भावोजी उगीच नाही करायचे."

"वाजू दे. इतके दिवस भावाची आठवण झाली नाही त्याला."

आठवण न होण्याचं कारण नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं. आई गेली तेव्हा विश्वेश्वर मणिकर्णिका घाटावर पोचला, तोवर चिता विझत आली होती. दत्तात्रेयने दूधविनायक मोहल्ल्यातल्या सगळ्या मराठी मंडळींदेखत त्याला सुनावलं, यापुढे तोंड दाखवू नकोस, फोनसुद्धा करू नकोस. धाकट्याने गाडी रखडल्याचंही सांगितलं नाही. सामान उचलून तो विद्यापीठाजवळच्या खोलीत राहायला गेला, तो गेलाच. लग्न त्याने केलं नव्हतं. दादा-वहिनीखेरीज त्याला दुसरं कुणी नव्हतं.

आज तो आपणहून फोन करत होता. अखेर नमला, असं दत्तात्रेयला वाटलं, आणि मनातून त्याला बरं वाटलं. थोडं ताटकळू दे, संध्याकाळी आपणच लावू, असं ठरवून तो पूजेला बसला.

जेवायच्या वेळी अनोळखी नंबरवरून फोन आला. तो त्याने उचलला. पलीकडे पोलीस होता. विश्वेश्वर सकाळी शिंदे घाटाच्या पायऱ्यांवरून पडला होता. पायाचं हाड बाहेर आलं होतं, शुद्ध नव्हती. सकाळपासूनचे फोन पोलिसानेच विश्वेश्वरच्या मोबाइलवरून केले होते.

दत्तात्रेय इस्पितळात धावत गेला, पण सगळं संपलं होतं. डॉक्टर हळू आवाजात सांगत होते. जखम फार घाण होती, औषध देणं टाळता येत नव्हतं. होईल तेवढी वाट पाहून इंजेक्शन दिलं, आणि त्याचा श्वासच कोंडला.

"पेनिसिलिन," दत्तात्रेय म्हणाला.

लहानपणी तेच टोचल्यावर विश्वेश्वर काळानिळा पडला होता. त्याला खांद्यावर टाकून पुन्हा दवाखाना गाठणारा दत्तात्रेयच होता.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "यही पूछना था आपसे."

पोलिसाने मोबाइल त्याच्या हातात दिला. नवाकोरा होता, लॉक केलेला. पण अडीअडचणीला लागणारी माहिती लॉक न उघडताही वाचता यावी, अशी विश्वेश्वरने भरून ठेवली होती. रक्तगट. एकच नंबर, दादाचा. आणि खाली डॉक्टरांसाठी हिंदीतून दोन ओळी: एक इंजेक्शन मला चालत नाही, त्याचं नाव दादाला ठाऊक आहे. त्याला फोन लावा, तो नक्की उचलेल.