उंबऱ्यातली सावली

पायताण, काठी, हाताला लागेल त्यानं तात्या बायकोला, बनुबाईला, बडवायचा. शिंगणापुरात घरांना दारं नसतात, त्यामुळे सगळी गल्ली ते बघायची. पुढं डोळ्यांचे पडदे झिजून बनुबाईची नजर गेली. ‘आता आंधळीवर कोण हात टाकतंय?’ म्हणत गल्ली निवांत झाली, आणि अमेरिकेला शिकायला गेलेली लेक मंदाही.

तिथं मंदा डोळ्यात बसवायच्या चिपवर काम करू लागली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात ती घरी आली, ती आईचा हात धरूनच बसली.

“चिप अजून कच्ची आहे गं आई. बसवली तरी चेहरे दिसणार नाहीत. नुसता उजेड, आणि त्यात कुणी आडवं आलं तर काळी सावली.”

“तोंडं बघून काय करायचीत? उंबऱ्यात मानूस हुभं ऱ्हायलं तर कळंल का?”

“तेवढं कळेल.”

“मग बशीव की उद्याच.”

मंदा हसली. “एवढी कसली घाई?”



“लोकांच्या घरी कडी तरी वाजती, बाई. आपल्यात तुजा बाप आल्याला पयल्या रट्ट्यालाच कळतंय.”