सैल फेटा

महिन्यापूर्वी शिक्रापूरच्या अलीकडं तोंडाला रुमाल बांधलेल्या तिघांनी मुलाणी सरांची मोटरसायकल अडवली. एकानं पोटात लाथा घातल्या, दुसऱ्यानं बोटं बुटाखाली चिरडली, तिसऱ्यानं लोखंडी रॉड डोक्यात हाणला. "कॉलेजात केंद्र काढून ठेकेदाराच्या मागं लागतो व्हय रं?" एवढंच बोलून ते निघून गेले.

गाडी घसरून बोटं दुखावली, असं सरांनी सगळ्यांना सांगितलं, अगदी घरातही. डोक्याचं तर नावही काढलं नाही. मुका मार होता, केसांखाली झाकून गेला.

पण केंद्र काही त्यांनी सोडलं नाही. आज त्या आंतरविद्याशाखीय सामाजिक शास्त्र केंद्राचं उद्घाटन होतं. संचालक मुलाणी सर, आणि पहिलाच अभ्यास कारखान्यांतल्या ठेक्यावरच्या कामगारांचा.

पाहुण्यांना फेटे बांधायला मांडवगणचा स्वराज आला होता. फेट्याचं टोक दातात धरून तो असा आवळत होता, की प्राचार्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सैल फेटा भाषणात सुटतो, सर," तो म्हणाला. "जरा सोसा."

मग मुलाणी सर खुर्चीत बसले. पहिला वेढा डावीकडून करकचून आला. उजव्या कानाच्या वर पोचल्यावर मात्र स्वराजचा हात आपसूक हलका झाला.



"हितं ढिलाच ठिवतो, सर. आजून दुखत आसंल."