विमानाची बॅटरी

मिरजगावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रज्ञा साळवेने १९९६ साली रिमोटवर उडणारं छोटं विमान बनवलं. बॅटरी मुंबईहून मागवलेली. अर्धवट उतरलेली असताना चार्ज केली तर ती लवकर दम टाकते, म्हणून ती आधी नीट उतरवायला प्रज्ञाने तिला सकाळी एक लहान बल्ब जोडून ठेवला.

"आत्याबाई, बल्ब मंद झाला की वायर काढा," तिने सासूबाईंना, चांगुणाबाईंना, बजावलं. "फार उतरली तर बॅटरी कायमची जाईल. उद्या अख्ख्या शाळेपुढं विमान उडवायचंय."

संध्याकाळी येऊन पाहते, तर बल्ब कोपऱ्यात पडलेला आणि बॅटरी चांगुणाबाईंच्या रेडिओच्या पाठीला सुतळीने बांधलेली!

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"दिवसाढवळ्या दिवा जाळून काय करायचं? माज्या रेडिओचे सेल संपले हुते. दोन घटका गानी ऐकली. आवाज बसाया लागला, तसा बंद केला."

प्रज्ञाने घाबरत मीटर लावला. बॅटरी हवी तेवढीच उतरली होती. तिने ती रात्रभर चार्जिंगला लावली.

दुसऱ्या दिवशी विमानाने शाळेवर तीन घिरट्या घातल्या. पोरांनी टाळ्या वाजवून मैदान डोक्यावर घेतलं. चांगुणाबाई मात्र पहिल्या रांगेत तोंड पाडून बसल्या होत्या.

"आवडलं नाही का, आत्याबाई?" प्रज्ञाने घरी आल्यावर विचारलं.

"लई झ्याक हुतं. पन पोरी, सारखं नको उडवू."

"का?"


"माज्या रेडिओची बॅटरी उगं उतरती."